कुणाच्या हातचा पाव?

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर पिंगळी नावाचं एक छोटं स्टेशन आहे. जलद गाड्या त्याच्याकडे न बघताच निघून जातात. मागच्या महिन्यात एका जुन्या मित्राकडे वास्तुशांतीला म्हणून मी पिंगळीला गेलो होतो. जेवण झालं, निरोप झाले, आणि स्टेशनाकडे निघालो तर कळलं की पॅसेंजर दीड तास उशिरा आहे. पॅसेंजरच्या उशिराबद्दल आमच्याकडे कुणी तक्रार करत नाही. मीही केली नाही. रस्त्याकडेला पत्र्याचं एक हॉटेल दिसलं, तिकडे वळलो.

हॉटेलाच्या पाटीवर चहा, नाष्टा, वडापाव असे ओळखीचे शब्द होते आणि सगळ्यांत खाली, नव्या लाल रंगात, 'बरगर' असं लिहिलेलं होतं. र पूर्ण, ग पूर्ण, पुन्हा र पूर्ण. मला ते अक्षर फार आवडलं. जोडाक्षराचा रफार काढून टाकला की परका शब्दही कसा मांडी घालून बसल्यासारखा वाटतो. मी बाकड्यावर बसलो आणि एक बरगर सांगितला.

हॉटेल चालवणारा मुलगा पंचविशीच्या आसपासचा. पुण्यात एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात चार वर्षं होता. 2020 च्या टाळेबंदीत गावी आला आणि परत गेलाच नाही. त्यानं माझ्यासमोर बन मधोमध कापला, तव्यावर थोडं तेल टाकून दोन्ही भाग आतल्या बाजूनं भाजले. उकडलेल्या बटाट्याची टिक्की आधीच थापून ठेवलेली होती, ती तळली. खालच्या बनावर पुडीतलं पांढरं मेयोनीज, त्यावर टिक्की, त्यावर कोबी, कांदा, टोमॅटोची चकती. आणि मग, ज्यासाठी मी हे सगळं सांगतो आहे ते, एका बरणीतून चमचाभर हिरव्या मिरचीचा ठेचा. वर झाकण. चाळीस रुपये.

आता खरं सांगायचं तर बन चांगला नव्हता. गोड होता, आणि सकाळी परभणीच्या बेकरीतून आलेला बन दुपारपर्यंत उघडा राहिला की त्याला जी कोरड येते ती तव्यावर जात नाही. मेयोनीज जास्त होतं. कोबीऐवजी नुसता कांदा असता तरी चाललं असतं. पण टिक्की उत्तम होती. बाहेरून खरपूस, आत मऊ, लसूण-जिऱ्याची आठवण देणारी. आणि ठेचा! गोड बन आणि गुळमट मेयोनीज यांच्यामध्ये तो ठेचा असा उभा होता, जणू पाहुण्यांच्या गर्दीत घरचा माणूस. मी मोठ्या शहरांतल्या चकचकीत दुकानांतले बर्गर खाल्ले आहेत. ते वाईट नसतात, पण त्यांना कुठल्याच गावाची चव नसते. पिंगळीच्या बर्गरला होती.

खाता खाता मला माझी अम्मी आठवली. वीसेक वर्षांपूर्वी तिला घेऊन पुण्याला डॉक्टरकडे गेलो होतो. परतताना भाचरांच्या हट्टापायी एका बर्गरच्या दुकानात शिरलो. अम्मीनं कुणाकडून तरी 'हॅम्बर्गर' हा शब्द ऐकलेला होता आणि 'हॅम' म्हणजे डुकराचं मांस हेही तिला कुणीतरी सांगितलेलं होतं. ती म्हणाली, "नाम में ही हाम हय, तो अंदर क्या होगा? मेरेकू नक्को." आम्ही सगळ्यांनी समजावलं. तिनं पर्समधून पार्ले बिस्किटाचा पुडा काढला आणि शांतपणे खात बसली. त्या दिवशी मला हसू आलं होतं. आज येत नाही.

शब्दाच्या बाबतीत अम्मीची चूक होती, हे तर उघड आहे. हॅम्बर्गरचा हॅमशी काही संबंध नाही. जर्मनीतल्या हॅम्बर्ग बंदराच्या नावावरून तो शब्द आला. हॅम्बर्गर म्हणजे हॅम्बर्गचा, जसं आपलं सोलापुरी, कोल्हापुरी. एकोणिसाव्या शतकात त्या बंदरातून लाखो माणसं अमेरिकेला गेली आणि खिमा केलेल्या गोमांसाच्या तव्यावर भाजलेल्या वडीला तिकडे 'हॅम्बर्ग स्टेक' म्हणू लागले. पुढे लोकांनी शब्दाचं शेपूट तोडून नुसतं 'बर्गर' केलं. सोलापुरी चादरीतलं 'सोला' काढून टाकावं आणि 'पुरी' दुकानात विकायला ठेवावी, तसला हा प्रकार. पहिल्या महायुद्धात जर्मनीशी वैर झाल्यावर अमेरिकेत काही काळ ते नावच नकोसं झालं होतं, आणि त्या वडीला 'लिबर्टी स्टेक' म्हणजे स्वातंत्र्याची वडी म्हणायची टूम निघाली. वडी तीच, खाणारे तेच.

ही वडी दोन पावांमध्ये पहिल्यांदा कुणी घातली यावर अमेरिकेत अजून भांडण आहे. विस्कॉन्सिनमधलं सेमूर गाव म्हणतं आम्ही, 1885 मध्ये, जत्रेत. न्यू हेवनमधलं 'लुईस लंच' हे दुकान म्हणतं आम्ही, 1900 मध्ये. टेक्सासचाही दावा आहे. त्या भांडणात आपण पडण्याचं कारण नाही. मला त्यातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. 1906 मध्ये अप्टन सिंक्लेअर या लेखकाची 'द जंगल' ही कादंबरी आली. शिकागोच्या मांसाच्या कारखान्यांत काय घाण चालते याचं वर्णन तिच्यात होतं. ते वाचून लोक हादरले. त्याच वर्षी अमेरिकेत मांसाच्या तपासणीचा कायदा झाला. पण खिम्यावरचा संशय काही गेला नाही. खिमा म्हणजे काय मिसळलंय ते कळत नाही. मग 1921 मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा गावात 'व्हाइट कासल' नावाची दुकानं निघाली. भिंती पांढऱ्या, भांडी चकचकीत, स्वयंपाक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, आणि बर्गर पाच सेंटला. म्हणजे त्या दुकानानं मांसाच्या आधी भरवसा विकला. 'आमचे हात बघा, स्वच्छ आहेत,' असं सांगितलं.

अम्मीचा प्रश्न शेवटी तोच होता. आत काय आहे, आणि ते कुणी घातलं?

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे, आणि तो स्वच्छतेपुरता कधीच नव्हता. बर्गरमधल्या वडीची गोष्ट अमेरिकेत घडली असेल, पण वडीभोवतीच्या पावाची गोष्ट आपल्या अंगणात घडली आहे.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. त्यांच्याबरोबर त्यांचं 'पाँव' आलं, आणि आपण त्याचा पाव केला. बटाटा, काजू, चावी, पगार, घमेलं हे सगळे शब्द त्याच गलबतातून उतरले. आपल्याकडे 'पाव' म्हणजे चौथाई, त्यामुळे एका लादीचे चार भाग म्हणून पाव अशी व्युत्पत्ती लोक सांगतात. दुसरी त्याहून वाईट: कणीक पायानं तुडवतात म्हणून पाव. दोन्ही खोट्या. पण दुसरी व्युत्पत्ती का जन्माला आली हे समजून घेण्यासारखं आहे. ज्याला पाव खायचा नाही त्याला कारण हवं होतं.

गोव्यात तर पाव हे धर्मांतराचं हत्यारच झालं, असं सांगतात. विहिरीत पावाचा तुकडा टाकायचा, आणि मग त्या विहिरीचं पाणी प्यालेल्या सगळ्या गावाला त्याच्याच शेजारच्यांनी बाटलेलं ठरवायचं. पिढ्यान् पिढ्या ही गोष्ट सांगितली गेली. ती प्रत्येक गावात तशीच घडली असेल असं मी म्हणत नाही. पण ती खरी वाटावी अशीच आपली मनं होती, एवढं नक्की. नीट बघा, या गोष्टीत पाव टाकणारा एक असतो, पण 'बाटला' म्हणणारे दुसरेच असतात. पावाच्या तुकड्यात माणूस बदलण्याची ताकद नसते. ती ताकद शेजाऱ्याच्या जिभेत असते.

याच्या बरोबर उलटी गोष्ट मुंबईत घडली, आणि ती माझ्या विशेष आवडीची आहे. 1849 मध्ये मुंबईत परमहंस सभा नावाची एक गुप्त मंडळी स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे प्रवर्तक. हेच ते दादोबा, ज्यांनी 1836 मध्ये मराठी भाषेचं व्याकरण लिहिलं. आपण आज शाळेत जे विभक्ती-प्रत्यय पाठ करतो त्यांची मांडणी करणारे. राम बाळकृष्ण जयकर हे सभेचे अध्यक्ष होते. जातिभेद मोडायचा हा तिचा उद्देश. आणि सभासद होताना प्रत्येकाला एक परीक्षा द्यावी लागे. ख्रिस्ती माणसानं भाजलेला पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कॉलेजात होतो तेव्हा. म्हणजे माझ्या पणजोबाच्या पणजोबाचा हात, ज्यानं कधी व्याकरण बघितलं नसेल, तो कुठल्यातरी बंद खोलीत पाण्याचा पेला घेऊन उभा आहे, आणि मराठीचा व्याकरणकार ते पाणी पिण्यासाठी धीर गोळा करतो आहे. मी दादोबांना हसत नाही. त्या काळात त्या घोटाची किंमत काय होती, हे आपल्याला आज कळणं अवघड आहे. वाळीत पडणं म्हणजे न्हाव्यानं दाढी न करणं, मुलीचं लग्न न होणं, मेल्यावर खांद्याला माणूस न मिळणं. म्हणून तर सभा गुप्त होती. पण पाणी देणाऱ्या त्या माणसाला कुणी विचारलं असेल का, की बाबा, तुझं नाव काय? त्याचं नाव कुठल्या वहीत असेल असं मला वाटत नाही. आणि वही तर सभेचा घात करूनच गेली. 1860 च्या सुमाराला सभासदांच्या नावांची कागदपत्रं चोरीला गेली, नावं फुटणार अशी हाकाटी झाली, आणि सभा मोडली. पाव खाल्लेले बरेच जण घाबरून घरी बसले. काहींनी मात्र तो धागा सोडला नाही. दादोबांचेच भाऊ आत्माराम पांडुरंग यांनी 1867 मध्ये प्रार्थना समाज काढला, तो उघड्यावर.

आणि पुण्यातलं पंचहौद मिशनचं प्रकरण तर तुम्हाला माहीत असेलच. 4 ऑक्टोबर 1890. मिशनमध्ये व्याख्यान झालं, मग पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुणे कोण? न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि पुण्यातली आणखी बरीच मोठी मंडळी. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कपाला हात लावला. ज्यांनी हे घडवून आणलं त्या गोपाळराव जोशांनी, डॉक्टर आनंदीबाईंचे पती ते, सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. झालं! ग्रामण्य उभं राहिलं, शंकराचार्यांकडे तक्रार गेली, चौकशीला मंडळ नेमलं गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्या प्रसंगानं घरात किती घालमेल झाली हे रमाबाई रानड्यांच्या आठवणींतून कळतं. एवढी मोठी माणसं, आणि एक बिस्किट! इंग्रज सरकारला न घाबरणारे टिळक शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पंगतीला मात्र ओलांडू शकले नाहीत. त्यात त्यांचा भ्याडपणा मला दिसत नाही. पंगत किती बलदंड होती, ते दिसतं. बिस्किटासाठी एवढं झालं तर पाण्यासाठी काय होणार? 20 मार्च 1927 ला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा काय झालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आमच्या मराठवाड्यात पाव आला तो गोव्याच्या वाटेनं नाही, हैदराबादच्या वाटेनं आला. आम्ही निजामाच्या राज्यात होतो. म्हणून आमच्या घरी पाव हा शब्दच नव्हता, 'डबलरोटी' होती. लग्नात तीच डबलरोटी तुपात तळून, दूध-साखरेत मुरवून 'डबल का मीठा' व्हायची. बाकी दिवसांत ती फक्त आजाऱ्याची. घरात डबलरोटी दिसली की गल्लीतली माणसं विचारत, "कौन बीमार है?" ज्वारीची भाकरी हे खरं खाणं. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं ज्वारीचं जे वाण काढलं त्याचं नावच 'परभणी मोती' ठेवलं, यावरून काय ते समजा. आता गंमत अशी, की ज्वारीही मूळची इथली नाही. ती हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. आणि ठेच्यातली मिरची? ती पोर्तुगीजांबरोबर अमेरिका खंडातून आली. म्हणजे पिंगळीच्या त्या बर्गरमध्ये मला जो 'घरचा माणूस' वाटला, तोही पाहुणाच निघाला. फक्त जरा आधी आलेला. मला कधीकधी लोक कौतुकानं विचारतात, "तुम्ही मुसलमान असून मराठीत कविता कशी लिहिता?" मी आता उत्तर देत नाही. मिरचीला कुणी विचारत नाही की तू मराठी ठेच्यात कशी.

पण मी फार गोड चित्र काढायला नको. माझ्या लहानपणी आमच्या भागात चहाच्या हॉटेलांत काही कप वेगळे, खिळ्याला टांगलेले असत. ते कुणासाठी हे कुणाला सांगावं लागत नसे. ज्यानं प्यायचं त्यानंच ते उतरवायचे, विसळायचे आणि परत टांगायचे. आमच्यासाठी बहुतेक ठिकाणी ते कप नव्हते, आम्हाला सगळ्यांच्या कपात चहा मिळे. पण काही घरांत मित्राबरोबर गेलो की माझा चहा स्टीलच्या पेल्यात येई आणि बाकीच्यांचा कपबशीत. पेला निखाऱ्यावर धरून शुद्ध करता येतो, चिनीमातीचा कप येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. आणि आमच्याही घरी सगळं धुतल्या तांदळासारखं होतं असं नाही. कुणी बनवलं, कापताना काय म्हटलं, भांडं कुठलं, हे प्रश्न आम्हीही विचारत होतोच. त्या खिळ्यावरच्या कपांकडे बघून आमचीही मान कधी खाली गेली नाही.

दादीमाँ 1948 ची गोष्ट सांगायची. आधी रझाकारांनी मांडलेला उच्छाद, गावोगाव होरपळलेली माणसं. मग 13 ते 17 सप्टेंबरची पोलीस कारवाई, निजामाची शरणागती, आणि त्यानंतर जे सूड उगवले गेले ते. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्यावरही उगवले गेले. त्या दिवसांत आमचं घर आतून बंद होतं. चूल पेटवली तर धूर दिसेल म्हणून पेटवायची नाही. तिसऱ्या रात्री मागच्या भिंतीवरून टोपलं खाली आलं. त्यात भाकरी आणि वाटीभर झुणका. शेजारच्या काकूंनी केलेला. या काकू एरवी दादीमाँचा हात लागलेलं पाणीही घेत नसत. टोपलं रिकामं करून दादीमाँनी ते परत वर ढकललं, तर वरून आवाज आला, "राहू द्या, उद्या लागंल." त्याच वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या सॅन बर्नार्डिनो गावात मॅकडोनाल्ड नावाच्या दोन भावांनी आपलं चांगलं चालणारं दुकान काही महिने बंद केलं, मोठी यादी छाटून नऊच पदार्थ ठेवले, आणि पंधरा सेंटला झटपट बर्गर देणारं नवं स्वयंपाकघर उभं केलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. पण माझ्या डोक्यात ते साल आलं की दोन्ही शेजारी शेजारी उभ्या राहतात.

वडापावाबद्दल फार सांगत नाही, त्याची आरती सगळेच गातात. 1966 च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर तो सुरू झाला असं बहुतेक जण मानतात. मला त्यात एकच गोष्ट सांगायची आहे. ज्या पावाच्या नुसत्या तुकड्यासाठी 1849 मध्ये दारं बंद करावी लागत होती, तोच पाव शंभर-सव्वाशे वर्षांत मराठी माणसाच्या अस्मितेचं चिन्ह झाला. कुठल्याही सभेनं ठराव केला नाही. गिरणीची पाळी, लोकलची गर्दी आणि रिकामा खिसा यांनी जे केलं ते ना दादोबांना जमलं ना रानड्यांना. भूक घाईत असली की पाव कुणी भाजला हे विचारायला वेळ नसतो.

मग 1996 मध्ये मॅकडोनाल्ड कंपनी भारतात आली. ऑक्टोबरमध्ये दिल्लीला आणि त्याच महिन्यात मुंबईत वांद्र्याला. गोमांसाचा बर्गर विकून जगभर मोठी झालेली ही कंपनी इथे आली ती गोमांस आणि डुकराचं मांस दोन्ही बाजूला ठेवून. म्हणजे हॅम्बर्गमधली वडी तर गेलीच, राहिलं फक्त नाव. तिच्या जागी आली आलू टिक्की. उत्तरेकडच्या हातगाड्यांवरची आपली जुनी मैत्रीण. कंपनीनं आणखी एक केलं. शाकाहारी स्वयंपाकाची जागा वेगळी, भांडी वेगळी, काम करणाऱ्यांचे ॲप्रनही वेगळ्या रंगाचे, हिरवे. हे बघून मला आधी खिळ्यावरचे कप आठवले आणि राग आला. नंतर नीट विचार केला. इथे पदार्थ वेगळे ठेवले होते, माणसं नाही. हिरव्या ॲप्रनमधला मुलगा कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे गिऱ्हाइकाला कळत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. फरक लहान नाही. तरी भरवसा किती नाजूक असतो बघा. अमेरिकेत तळलेल्या बटाट्यांना गोमांसाचा अर्क लावतात असं 2001 मध्ये उघड झालं, आणि इकडे मुंबईच्या परिसरात या कंपनीच्या दुकानांवर मोर्चे गेले, तोडफोड झाली. भारतात तो अर्क वापरत नाही असं कंपनी सांगत राहिली. अमेरिकेत मात्र तिला 2002 मध्ये माफी मागून एक कोटी डॉलर द्यायचं कबूल करावं लागलं. विहिरीतल्या पावाची गोष्ट आणि ही गोष्ट यांत साडेतीनशे-चारशे वर्षांचं अंतर आहे, पण दोन्हींत विचारलेला प्रश्न एकच: आम्हाला न सांगता आमच्या पोटात काय घातलंत?

असो. पिंगळीच्या बाकड्यावर परत येऊ.

माझा बर्गर अर्धा झाला असेल, तेवढ्यात एक म्हातारे बाबा येऊन समोर बसले. डोक्याला पांढरा पटका, गळ्यात तुळशीची माळ. बरोबर नातू, दहा-अकरा वर्षांचा. नातवाला बर्गर हवा होता आणि तो आजोबालाही खायला लावणार होता. पोराचा हट्ट, दुसरं काय! बर्गर समोर आला. बाबांनी तो सगळीकडून फिरवून बघितला आणि हॉटेलवाल्या मुलाला विचारलं, "यात अंडं-बिंडं न्हाई ना रं लेकरा? माळकरी हाय मी."

"न्हाई आबा, बिनअंड्याचंय सगळं."

"हे पांढरं काय मग?"

मुलानं मेयोनीजची पुडी आणून दाखवली. बाबांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि शेवटी माझ्यापुढे केली. "भाई, तुमाला चष्मा हाय, तुमी वाचा. काय लिव्हलंय?"

माझी दाढी-टोपी त्यांना दिसत होती. मी चष्मा वर सारून पुडीवरचे बारीक अक्षरातले घटक एकेक करून वाचले. तेल, पाणी, साखर, व्हिनेगर, मीठ, मोहरी. कोपऱ्यातली चौकोनातली हिरवी टिकली दाखवली. अंडं नाही, असं सांगितलं. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान डोलावली. मग त्यांनी बर्गरचं झाकण उचललं, ते बाजूला ठेवलं, टिक्कीचा तुकडा मोडला, बनाच्या तुकड्यात धरला, ठेच्याला लावला आणि भाकरीसारखा खाल्ला. नातू लाजेनं लाल झाला. "आबा, असं नसतंय खायचं!"

"मंग कसं खायचं? तोंड येवढं उघडतंय व्हय माझं?" बाबा म्हणाले. ठेचा लागला तसा त्यांना ठसका आला. जग माझ्या बाजूला होता. मी पेला भरून पुढे केला. त्यांनी तो घेतला, एका दमात प्यायले, आणि पुन्हा पुढे केला. मी पुन्हा भरला.

पैसे देताना मी मुलाला म्हटलं, "बेटा, टिक्की झकास. पण बन बदल. उघडा ठेवू नको, डब्यात ठेव. आणि ते मेयोनीज जरा कमी कर."

"चाचा, बनवाल्याला सांगून सांगून थकलो," तो म्हणाला. "आता स्वतःच भट्टी टाकायचा विचार हाय. पूर्णेत आपले एक मामू हायत, पन्नास वर्षं बेकरीत काढलीत त्यांनी. ते येऊन शिकवतो म्हणाले."

तेवढ्यात गाडीची शिट्टी ऐकू आली. बाबा नातवाच्या ताटलीतला उरलेला ठेचा बोटानं पुसून घेत होते. मी पिशवी उचलली आणि स्टेशनाकडे पळालो.